उभ्याने स्थिर, तिरप्याने अस्थिर : ऑक्टोबर १९८७ च्या वादळाचा अभ्यास

१५ ऑक्टोबर १९८७, गुरुवार. संध्याकाळी दक्षिण इंग्लंडमध्ये वारा जवळजवळ पडला होता. स्कॉटलंडच्या पूर्वेला उत्तर समुद्रावर एक जुने कमी दाबाचे क्षेत्र रेंगाळत होते, आणि इंग्लंड, वेल्स, आयर्लंड यांच्यावर समदाब रेषा एकमेकींपासून इतक्या लांब होत्या की नकाशा पाहून कोणालाही जांभई यावी. शुक्रवारी उजाडले तेव्हा याच भागातली सुमारे दीड कोटी झाडे आडवी झाली होती.

इंग्लंडात १८ आणि फ्रान्समध्ये ४ माणसे गेली. केंटमधल्या सेव्हनओक्स गावात नावाला शोभावेत म्हणून १९०२ मध्ये लावलेल्या सात ओकांपैकी सहा पडले. फोकस्टोनजवळ 'हेंगिस्ट' नावाची फेरीबोट थेट किनाऱ्यावर चढली, डोव्हरला 'समनिया' हे मालवाहू जहाज उलटले, लंडन आणि आग्नेय इंग्लंड अंधारात गेले. शुक्रवारी लंडनच्या शेअर बाजारात फारसे कोणी पोचूच शकले नाही, आणि सोमवारी जगभरचे बाजार कोसळले. या दोन गोष्टींची सांगड घालणारे अजूनही भेटतात. त्यांना इथेच सोडू.

वाऱ्याचे आकडे असे. नॉरफकच्या किनाऱ्यावर गॉर्लस्टनला झोत ताशी १९६ किमी. ससेक्समध्ये शोरमला १८५. नॉर्मंडीत ग्रॅनव्हिलजवळ प्वांत द्यु रॉक इथे २२०. हे क्षणिक झोत झाले, पण ईस्टबोर्नसमोरच्या रॉयल सॉव्हरिन दीपस्तंभावर पूर्ण एका तासाची सरासरीच ताशी १३९ किमी निघाली. साउथॅम्प्टनपासून उत्तर लंडनमार्गे ग्रेट यारमथपर्यंत रेषा ओढली, तर तिच्या आग्नेयेला इतका वारा सरासरी दोनशे वर्षांतून एकदा अपेक्षित असतो. भारतीय हवामान विभागाच्या मोजपट्टीत ताशी ११८ किमीच्या वर 'अतितीव्र चक्रीवादळ' सुरू होते. ती मोजपट्टी उष्ण कटिबंधातल्या चक्रीवादळांची आहे आणि हे वादळ त्या जातीचे नव्हते, हे लक्षात ठेवूनच तुलना करावी. इथे विचार करायचा आहे तो नेमका या जातीच्या फरकाचा.

घटनाक्रम

१५ तारखेला दुपारी बाराला (सगळ्या वेळा ग्रिनिचच्या) बिस्केच्या उपसागराच्या तोंडाशी, ४६ अंश उत्तर आणि ९ अंश पश्चिमेच्या आसपास, कमी दाबाचे केंद्र होते. दाब ९७० हेक्टोपास्कल. संध्याकाळी सहाला ते ईशान्येकडे सरकले होते आणि दाब ९६४ वर आला होता. मध्यरात्री केंद्र इंग्लिश खाडीच्या पश्चिम भागात, दाब ९५३. तिथून पुढे ते थोडे भरू लागले, म्हणजे दाब पुन्हा वाढू लागला. पहाटे साडेपाचला हंबर नदीच्या मुखाशी पोचून उत्तर समुद्रात उतरले तेव्हा दाब ९५९ होता.

हवामानशास्त्रात मध्य अक्षांशांतल्या अशा वादळाला 'बॉम्ब' म्हणण्याची रीत आहे. फ्रेडरिक सँडर्स आणि जॉन ग्याकम यांनी १९८० मध्ये त्याची अट घातली: ६० अंश अक्षांशावर २४ तासांत २४ हेक्टोपास्कलची घट, इतर अक्षांशांसाठी त्या प्रमाणात कमीजास्त. ४८ अंशांच्या आसपास हिशेब केला तर २४ तासांत सुमारे साडेवीसची घट पुरते. या वादळाने बारा तासांतच १७ गाठले.

मला त्याहून बोलका वाटतो तो घटीचा क्रम. पहिल्या सहा तासांत ६ हेक्टोपास्कल, पुढच्या सहा तासांत ११. वेग जवळजवळ दुप्पट झाला. वादळाखालचा समुद्र तोच होता आणि वरचा जेट प्रवाह, म्हणजे उंचावरचा वेगवान पश्चिमी वाराही तोच. मग दुसऱ्या सहा तासांत काय बदलले? माझे उत्तर असे की हवेची स्थिरता बदलली. पण कोणत्या हवेची आणि कोणत्या दिशेने मोजलेली, हे सांगितल्याशिवाय त्या उत्तराला अर्थ नाही.

स्थिर म्हणजे कशाच्या मानाने

हवेचा एक गोळा थोडा वर ढकलला. दाब कमी होतो, गोळा फुगतो आणि गार होतो. कोरडा असेल तर किलोमीटरमागे ९.८ अंशांनी. भोवतालची हवा सरासरी साडेसहा अंशांच्या दराने गार होत जाते. म्हणजे वर गेलेला गोळा शेजाऱ्यांपेक्षा गार, म्हणून जड, आणि तो परत खाली येतो. नेहमीच्या तपांबरात असा गोळा साधारण दहा मिनिटांत एक हेलकावा पूर्ण करतो. हेलकावा जितका जलद तितकी हवा जास्त स्थिर. ब्रंट–व्हायसाला वारंवारता ती हीच.

गोळ्यात बाष्प संपृक्त असेल तर चित्र पालटते. वर जाताना बाष्पाचे पाणी होते, अप्रकट उष्मा बाहेर पडतो, आणि गार होण्याचा दर उबदार हवेत किलोमीटरमागे जेमतेम पाच अंशांवर येतो. फार थंड हवेत बाष्पच कमी असते, तिथे हा दर पुन्हा कोरड्या दराच्या जवळ जातो. तेव्हा एकच थर कोरड्या गोळ्याला स्थिर आणि ओल्या गोळ्याला जवळजवळ तटस्थ वाटू शकतो.

आपल्याकडे अस्थिर हवा म्हटले की वळीव डोळ्यांपुढे येतो. एप्रिल–मेमध्ये जमीन तापते, खाली बाष्प असते, दुपारनंतर ढग सरळ उभे चढतात आणि तासाभरात सगळे आटोपते. ही उभी अस्थिरता. १९८७ च्या रात्रीच्या मुख्य ढगपट्ट्यात असे फारसे काही चालले नव्हते. तिथली हवा उभ्याने तपासली तर स्थिर निघाली असती. म्हणून 'हवा अस्थिर झाली आणि वादळ आले' हे वाक्य या प्रकरणात ढोबळच नाही, चुकीच्या वाटेला नेणारे आहे.

एडीचे गणित

मध्य अक्षांशांतली वादळे उत्तर–दक्षिण तापमानातल्या फरकावर जगतात. दक्षिणेची उबदार हवा तिरकी वर चढते, उत्तरेची गार हवा तिरकी खाली घसरते, आणि या अदलाबदलीतून मोकळी झालेली ऊर्जा वाऱ्यात जाते. तापमानाचा फरक जितका मोठा तितका उंचीबरोबर वाढत जाणारा पश्चिमेचा वाराही मोठा. जूल चार्नी यांनी १९४७ मध्ये आणि एरिक एडी यांनी १९४९ मध्ये स्वतंत्रपणे या वाढीचे गणित मांडले. एडींच्या सूत्राचा गाभा दोन ओळींत मावतो. वाढीचा वेग पृथ्वीच्या फिरण्याच्या परिणामाच्या आणि उंचीनुसार वाढणाऱ्या वाऱ्याच्या सम प्रमाणात, स्थिरतेच्या वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात.

नमुन्याचे आकडे घालून पाहू. दहा किलोमीटर उंचीपर्यंत वारा सेकंदाला ६० मीटरने वाढतो आणि स्थिरता नेहमीची आहे असे धरले, तर वादळ पावणेतीनपट व्हायला साधारण पंधरा तास लागतात. वारा तोच ठेवून स्थिरतेची वारंवारता निम्मी केली तर साडेसात.

स्थिरतेचा दुसरा परिणाम मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वरच्या हवेतली द्रोणी (कमी दाबाचा लांबट पट्टा) आणि समुद्रसपाटीवरचा कमी दाब यांची एकमेकांपर्यंत पोच किती? हवा जितकी स्थिर तितका हा प्रभाव उथळ. वादळाची आडवी व्याप्ती ५०० किलोमीटर धरली तर नेहमीच्या स्थिरतेत प्रभावाची खोली सुमारे पाच किलोमीटर येते. तपस्तब्धी या अक्षांशांवर नऊ–दहा किलोमीटरवर असते, म्हणजे वरच्याचा हात खालच्यापर्यंत धड पोचत नाही. वारंवारता निम्मी झाली की खोली दहा किलोमीटर होते. मग वरची द्रोणी आणि खालचे केंद्र एकमेकांना थेट ओढू लागतात. उथळ, स्थिर हवेत दोघे शेजारून निघून जातील आणि कोणाला पत्ताही लागणार नाही.

ऑक्टोबर १९८७ मध्ये वर जोरदार जेट प्रवाह होता आणि पश्चिमेकडून द्रोणी येत होती. ब्रायन हॉस्किन्स आणि पॉल बेरिसफर्ड यांनी १९८८ मध्ये हे वादळ पोटेन्शियल व्हॉर्टिसिटीच्या नजरेतून तपासले. ही राशी म्हणजे हवेची स्थिरता आणि तिचे फिरणे यांचा गुणाकार. उष्णता मिळाली नाही आणि घर्षण झाले नाही तर हा गुणाकार हवा बरोबर घेऊन हिंडते. स्थितांबरातली हवा अतिशय स्थिर असते, म्हणून तिचा गुणाकार मोठा. द्रोणीच्या पोटात ही हवा तिरकी खाली उतरते आणि कमी स्थिर तपांबरात शिरते तेव्हा तिचे थर ताणले जातात. स्थिरता उतरली की गुणाकार टिकवण्यासाठी फिरणे वाढायलाच हवे. बाहेरून ढकलणाऱ्या कोणाची तिथे गरज उरत नाही.

ओली हवा कामाला लागते तेव्हा

इथवरचे गणित कोरड्या हवेचे. त्याने पहिल्या सहा तासांची घट समजते, दुसऱ्या सहा तासांची समजत नाही.

ऑक्टोबरच्या मध्यात बिस्केचे पाणी उन्हाळ्याची ऊब धरून असते, सोळा–सतरा अंशांच्या आसपास. त्यावरून आलेली हवा बाष्पाने भरलेली होती. उष्ण आघाडीवरून, म्हणजे पुढे सरकणारी उबदार हवा गार हवेला भिडते त्या सीमेवरून, ती तिरकी चढू लागली, संपृक्त झाली, आणि तिथून पुढे तिच्यासाठी मोजायची स्थिरता कोरडी उरली नाही. वर सांगितलेल्या दोन्ही सूत्रांत भागाकाराखाली बसलेला आकडा ढगातल्या हवेसाठी लहान झाला. वाढ वेगवान झाली आणि वरच्या–खालच्याची पोच खोल गेली.

अप्रकट उष्म्याचा आणखी एक हिशेब असतो. ढगाच्या मधल्या उंचीवर उष्णता सुटते तेव्हा तिच्याखालच्या थरात स्थिरता वाढते आणि फिरणेही वाढते. म्हणजे खालच्या थरात पोटेन्शियल व्हॉर्टिसिटी नव्याने तयार होते. वर स्थितांबरातून आलेली, खाली ढगाने घडवलेली, आणि दोन्ही एकावर एक. अशा वादळांच्या संगणकीय मॉडेलमध्ये अप्रकट उष्मा बंद करून पाहिला की वादळ बहुधा उथळ राहते, ते याचमुळे.

तिरप्या वाटेची अस्थिरता

आता प्रकरणाच्या गाभ्याशी येऊ.

हवेचा गोळा सरळ वर ढकलला तर गुरुत्वाकर्षण त्याला परत आणते, हे पाहिले. आडवा ढकलला तर? पृथ्वी फिरते आहे. जेट प्रवाहाला काटकोनात सरकलेला गोळा आपला मूळचा वेग आणि जागा यांचा हिशेब बरोबर घेऊन जातो. नव्या जागी तो हिशेब तिथल्या दाबाशी जुळत नाही, आणि कोरिऑलिस परिणाम त्याला मागे खेचतो. म्हणजे आडव्या दिशेनेही स्थिरता. दोन्ही दारे बंद दिसतात.

पण आघाडीजवळ तापमान उंचीनुसारही बदलते आणि आडवेही. तिथे एक तिरपी वाट अशी असू शकते की तिच्यावरून सरकणारा संपृक्त गोळा प्रत्येक पावलाला शेजाऱ्यापेक्षा थोडा उबदार राहतो आणि आडवे खेचणारे बळही त्याला अडवत नाही. सह्याद्रीचा कडा समोरून चढता येत नाही, पायथ्याने कितीही चाललात तरी माथा येत नाही, पण तिरप्या घाटवाटेने माणूस वर पोचतो, तसेच. फरक इतकाच की हवेला त्या वाटेवर दम लागत नाही, उलट तिचा वेग वाढत जातो. शास्त्रज्ञ याला सशर्त सममित अस्थिरता म्हणतात. 'सशर्त' कारण हवा संपृक्त असण्याची अट आहे. डेव्हिड बेनेट्स आणि हॉस्किन्स यांनी १९७९ मध्ये आघाड्यांजवळ पावसाचे समांतर पट्टे का पडतात याचा खुलासा म्हणून ही कल्पना मांडली, आणि केरी इमॅन्युएल यांनी ऐंशीच्या दशकात तिचे गणित पक्के केले. या वादळानंतर ब्रिटिश हवामान खात्यातल्या ग्लेन शट्स यांनी वादळाच्या गतिशास्त्राचा अभ्यास केला आणि १९९० मध्ये अशा तिरक्या संवहनासाठी किती ऊर्जा उपलब्ध आहे याचे नकाशे मॉडेलच्या आकड्यांवरून काढून दाखवले.

वळवाच्या ढगात उभी अस्थिरता तासाभरात संपते. तिरपी अस्थिरता संथ असते, तिचा हिशेब तासांचा. पण वादळाच्या वाढीचे घड्याळही तासांचेच आहे, त्यामुळे दोघांचे सूर जुळतात. उभी अस्थिरता उरली असती तर ती आधी मोकळी होऊन गेली असती आणि बाष्प मेघगर्जनेत खर्ची पडले असते. उभ्याने स्थिर असण्याचा वादळाला एका अर्थी फायदाच झाला: ऊर्जा राखून ठेवली गेली आणि आघाडीच्या कलानेच खर्चता आली. हे मत माझे. सगळे अभ्यासक ते इतक्या ठाशीवपणे मांडणार नाहीत.

नांगीचा झोत

त्या रात्रीची उपग्रह छायाचित्रे कीथ ब्राउनिंग यांनी पुढे बारकाईने पाहिली आणि २००४ मध्ये आपला निष्कर्ष मांडला. वादळाच्या मागच्या, म्हणजे पश्चिमेच्या अंगाला ढगाचे एक मोठे आकडीसारखे डोके तयार झाले होते. त्याच्या टोकाशी ढग एकसंध नव्हता. त्यात पट्टे दिसत होते, मधेमधे फटी होत्या. ब्राउनिंग यांचे म्हणणे असे की प्रत्येक पट्टा म्हणजे वर जाणारा तिरका प्रवाह आणि प्रत्येक फट म्हणजे खाली येणारा. एकावर एक रचलेल्या या तिरक्या अभिसरणांमागे तीच सममित अस्थिरता होती.

खाली येणाऱ्या प्रवाहाला आणखी एक रेटा मिळाला. ढगातून पडणारे हिमकण आणि थेंब शेजारच्या कोरड्या हवेत विरत होते. विरताना त्यांनी हवा गार केली, गार हवा जड झाली आणि आणखी वेगाने खाली आली. मधल्या उंचीवरचा वारा बरोबर घेऊन उतरलेला हा अरुंद, काही तासच टिकणारा झोत वादळाच्या आकडीच्या टोकापाशी जमिनीला लागतो. ढगाच्या शेपटीच्या टोकाला असलेला हा डंख नॉर्वेच्या हवामानतज्ज्ञांना आधीपासून ठाऊक होता. ब्राउनिंग यांनी त्याला 'स्टिंग जेट' म्हटले. मराठीत नांगीचा झोत म्हणायला हरकत नसावी.

रात्रीच्या नोंदींत सलग वाढत गेलेला वारा सगळीकडे दिसत नाही. आग्नेय टोकाला ताशी १३० किमीच्या पुढचे झोत तीन–चार तास चालूच राहिले. त्याच्या वायव्येला मात्र वाऱ्याने दोनदा उचल खाल्ली: एकदा दक्षिणेकडून, मग जरा उसंत, आणि पुन्हा नैऋत्येकडून. एकाच कमी दाबाभोवती फिरणाऱ्या वाऱ्याने हे सगळे समजावणे अवघड जाते.

शेवटचा किलोमीटर

वर कितीही वारा असो, झाड पडते ते जमिनीजवळच्या वाऱ्याने. तेव्हा स्थिरतेचा तिसरा मुक्काम हा शेवटच्या किलोमीटरचा.

हँपशरमधल्या साउथ फार्नबरोला उष्ण आघाडी गेली तेव्हा वीस मिनिटांत तापमान साडेआठ–नऊ अंशांनी चढले. ऑक्टोबरच्या रात्री, अंधारात. याचा अर्थ तोपर्यंत जमिनीलगत गार हवेचा थर होता आणि त्याच्या डोक्यावर उबदार हवा. गार थरावर उबदार हवा म्हणजे भक्कम स्थिरता. असा थर असेपर्यंत वरचा वारा घसरत निघून जातो, जमिनीला पूर्ण जोराने भिडत नाही. थर सरकला की मधला पडदा जातो.

ब्राउनिंग यांनी एम. फील्ड यांच्याबरोबर मेटिओसॅट उपग्रहाच्या चित्रांत आणखी एक खूण शोधली. खाली उतरलेल्या कोरड्या झोताखाली समुद्राची दमट हवा होती. कोरडी वर आणि दमट खाली अशी रचना थोडी उचलली गेली की उभ्याने अस्थिर होते. तिथे कमानीच्या आकाराच्या छोट्या ढगांच्या ओळी दिसल्या. हे उथळ संवहन वरचा वेग खाली पोचवत होते, असा त्यांचा अर्थ. म्हणजे सबंध वादळ उभ्याने स्थिर हवेत वाढले आणि शेवटचा घाव घालताना मात्र त्याला उभी अस्थिरताच कामी आली.

झाडांच्या बाजूने पाहिले तर तीही दुबळी होती. ऑक्टोबरच्या मध्यात पाने अजून गळली नव्हती, त्यामुळे वाऱ्याला धरायला शीड मिळाले. आणि आधीच्या पावसाने माती भिजून मऊ झाली होती. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातली सातशेच्या आसपास झाडे गेली. तिथल्या 'टर्नर्स ओक'ला वाऱ्याने मुळांसकट उचलून पुन्हा जागेवर बसवले, आणि दाबली गेलेली माती मोकळी झाल्यामुळे तो ओक पुढे आधीपेक्षा जोमाने वाढला. तिथल्या माळ्यांनी त्यातून मोठ्या झाडांभोवतालची माती सैल करण्याचा धडा घेतला.

अंदाज कुठे कमी पडला

ब्रिटनमध्ये या वादळाची आठवण हवामान निवेदक मायकेल फिश यांच्या नावाने काढतात. बीबीसीवर १५ तारखेला दुपारी त्यांनी हरिकेन येत नसल्याचे सांगितले आणि पुढे आयुष्यभर त्यांना ते ऐकावे लागले. मला यात अन्याय वाटतो. हरिकेन आलेच नव्हते. उष्ण कटिबंधातले हरिकेन उबदार समुद्रावरच्या जवळजवळ उभ्या संवहनावर जगते, हे वादळ आडव्या तापमानभेदावर आणि तिरप्या चढणीवर जगले. शिवाय त्याच निवेदनात त्यांनी वारा खूप वाढेल हेही सांगितले होते. फक्त बराचसा जोर स्पेन–फ्रान्सकडे राहील असे म्हटले होते. खरी चूक तिथे, जागेच्या अंदाजात होती.

ती का झाली? खाडीतल्या जहाजांसाठी वादळी वाऱ्याचे इशारे सकाळी साडेसहापासूनच निघत होते. रात्री १०:३५ ला (वाऱ्याच्या ब्यूफर्ट मोजपट्टीतल्या) दहाव्या श्रेणीच्या वाऱ्याचा आणि १:३५ ला अकराव्या श्रेणीचा इशाराही गेला. जमिनीवरच्या लोकांना मात्र हा जोर वेळेवर कळला नाही. हवामान खात्याच्या 'सायबर २०५' संगणकावर चालणाऱ्या सूक्ष्म जाळीच्या मॉडेलचे चौकोन ७५ किलोमीटरचे होते आणि उंचीचे थर १५. ब्रिटनच्या नैऋत्येकडच्या अटलांटिकवरून येणारी निरीक्षणे विरळ होती.

आता या जाळीत तिरप्या अभिसरणाचे काय होणार? त्याचा एक पट्टा काही दशक किलोमीटर रुंद आणि उंचीने एक किलोमीटरहूनही पातळ. ७५ किलोमीटरच्या जाळीला तो दिसणेच शक्य नव्हते. पीटर क्लार्क, ब्राउनिंग आणि सी. वँग यांनी २००५ मध्ये हेच वादळ पुन्हा चालवून पाहिले तेव्हा सुमारे १२ किलोमीटरची जाळी आणि मधल्या उंचीवर पावपाव किलोमीटरचे थर लागले. तेव्हा कुठे झोत उतरताना दिसला. आडवी जाळी बारीक करून उभे थर जाड ठेवले तर काहीच साधत नाही, कारण अस्थिरता मुळात तिरपी आहे. दोन्ही दिशांची बारकाई तिच्या उताराच्या प्रमाणात हवी.

पीटर स्विनर्टन-डायर आणि रॉबर्ट पिअर्स यांच्या चौकशीनंतर नैऋत्येकडच्या समुद्रावरची निरीक्षणे वाढवण्याची शिफारस झाली आणि गंभीर हवामानाच्या इशाऱ्यांसाठी देशव्यापी व्यवस्था उभी राहिली.

वाद अजून मिटलेला नाही

नांगीच्या झोताला सममित अस्थिरता हवीच का, यावर एकमत नाही. डेव्हिड शुल्ट्झ आणि जोसेफ सिएन्केविच यांनी २०१३ मध्ये वेगळे मत मांडले: आघाडी मागे वळून जिथे विरते तिथे तापमानभेद मोडतो, आणि त्या मोडण्यातूनच हवेला खाली उतरावे लागते, अस्थिरता असो वा नसो. ३ जानेवारी २०१२ च्या 'उल्ली' वादळाचा अभ्यास करताना डेव्हिड स्मार्ट आणि खुद्द ब्राउनिंग यांनाही या अस्थिरतेचा आणि बाष्पीभवनाच्या गारव्याचा वाटा किरकोळ आढळला. मला शुल्ट्झ यांचे स्पष्टीकरण झोत उतरायला का लागतो यासाठी पटते. पण १९८७ सारख्या प्रकरणात तो इतका जोरदार का झाला, याला ओल्या हवेच्या स्थिरतेवाचून उत्तर मिळेल असे वाटत नाही. आघाडीचे विरणे जवळपास प्रत्येक अशा वादळात असते, एवढा मार प्रत्येक वादळ देत नाही.

उत्तर अटलांटिकवरच्या शंभर तीव्र वादळांची छाननी करून, खाली येणाऱ्या तिरक्या प्रवाहाला किती ऊर्जा उपलब्ध होती हे एका गटाने २०१२ मध्ये मोजले. साधारण पाव ते एक तृतीयांश वादळांत झोताला पोषक अस्थिरता सापडली. अंदाज करणाऱ्यांना याचा उपयोग असा की झोत स्वतः ढोबळ जाळीत दिसत नसला तरी त्याच्या आधीची ही अस्थिरता दिसू शकते.

१८ फेब्रुवारी २०२२ ला 'युनिस' वादळ आले तेव्हा ब्रिटिश हवामान खात्याने नैऋत्य इंग्लंडसाठी लाल इशारा आदल्या दिवशीच दिला होता, आणि नांगीच्या झोताची शक्यताही आधीच बोलली जात होती. आइल ऑफ वाइटच्या उघड्या टोकावर, नीडल्सला, झोत ताशी १९६ किमीचा नोंदला गेला. वादळ येणार, किती खोल जाणार, त्यात तिरपी अस्थिरता असणार का, इतके आता एक–दोन दिवस आधी सांगता येते. उतरलेला झोत नेमक्या कोणत्या गावी जमिनीला लागेल हे मात्र अजूनही शेवटच्या किलोमीटरातल्या हवेच्या हाती आहे. तिथला गार थर अर्धा तास उशिरा सरकला तरी नोंदीतला आकडा बदलतो.